मुलांच्या हाती शपथेचं कार्ड देऊ नका



अमेरिकेत उन्हाळी शिबिरांची नावनोंदणी सुरू आहे. टेक्सस, जॉर्जिया, टेनेसी, कॅरोलायना या भागांतल्या चर्चच्या शिबिरांना जून-जुलैत बारा ते अठरा वयाची मुलं जातील. त्यांत आपली मराठी मुलंही असतील. काही ख्रिस्ती घरांतली, आणि काही हिंदू घरांतलीही, कारण शाळा ख्रिस्ती आहे, शेजारची मैत्रीण निघाली आहे, पोहणं आहे, घोडेस्वारी आहे. मुलांना पाठवूच नका असं मी म्हणत नाही. पण शिबिराच्या एखाद्या रात्री तुमच्या मुलीपुढे शुद्धतेच्या शपथेचं, म्हणजे लग्नापर्यंत शरीरसंबंध न ठेवण्याच्या वचनाचं, कार्ड आणि पेन ठेवलं जाणार असेल, तर ते तुम्हाला आधी ठाऊक असलं पाहिजे. आणि सही न करता ते कार्ड परत देण्याची मोकळीक तिला तुमच्या तोंडून मिळालेली असली पाहिजे.

मी स्वतः ख्रिस्ती आहे. नगर जिल्ह्यातल्या मंडळीत वाढले, आज टेक्ससमध्ये शब्बाथ शाळेत शिकवते. लग्नाआधी शरीरसंबंध नको असं ज्याला मनापासून वाटतं त्याने तसंच जगावं, त्याच्या श्रद्धेला माझा आदर आहे. माझा जीव तुटतो तो या शिकवणुकीसोबत मुलांच्या अंगात जी लाज मुरवली जाते तिच्यामुळे. ती लाज मुलांचं तोंड बंद करते, आणि तोंड बंद झालेल्या मुलाचं काय होतं हे या देशात गेल्या तीस वर्षांत फार वाईट रीतीने समोर आलं आहे.

पुष्कळ पालकांना वाटतं की शुद्धतेची शपथ ही जुनी ख्रिस्ती रीत आहे. तशी ती नाही. १९९३ साली टेनेसीमध्ये सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट पंथाने ‘ट्रू लव्ह वेट्स’ ही मोहीम काढली. मुलांनी कार्डावर सही करायची आणि देवाला, स्वतःला, घरच्यांना, मित्रांना, भावी जोडीदाराला, एवढंच काय, अजून जन्मालाही न आलेल्या आपल्या लेकरांना वचन द्यायचं की लग्नापर्यंत मी शुद्ध राहीन. पुढच्याच वर्षी, जुलै १९९४ मध्ये, अशी दोन लाखांहून जास्त कार्डं वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मैदानावर मांडली गेली. मग शपथेची खूण म्हणून बोटात घालायच्या अंगठ्या आल्या. १९९७ साली जॉशुआ हॅरिस या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाचं ‘आय किस्ड डेटिंग गुडबाय’ हे पुस्तक आलं आणि दहा लाखांवर प्रती खपल्या. १९९८ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्समध्ये बाप-लेकींचा ‘प्युरिटी बॉल’ सुरू झाला: मुली लांब झग्यांत, बाप सुटात, आणि मुलीच्या शुद्धतेचा रखवालदार मी, अशा मजकुराखाली बापाची सही. सरकारही मागे राहिलं नाही. १९९६ च्या कायद्याने लग्नापर्यंत संयम एवढंच शिकवणाऱ्या कार्यक्रमांसाठी केंद्राकडून वर्षाला पाच कोटी डॉलर ठेवले गेले, म्हणून हा धडा सरकारी शाळांच्या वर्गांतही पोचला.

हा धडा कसा दिला जातो ते नीट पाहा. शिक्षक सेलोटेपचा एक तुकडा घेतो आणि पुढच्या रांगेतल्या मुलाच्या दंडावर चिकटवतो. ओढून काढतो. मुलगा हसत ‘आई गं’ करतो. तोच तुकडा दुसऱ्याच्या दंडावर, मग तिसऱ्याच्या. पाचव्या-सहाव्या मुलापर्यंत टेपला केस, मळ, कपड्यांचे धागे लागलेले असतात आणि तो कुठेच चिकटत नाही. मग शिक्षक तो वर धरून सगळ्यांना दाखवतो आणि विचारतो, हा आता कोणाला हवा आहे? वर्ग हसतो. कुठे टेपऐवजी चघळलेलं च्युइंगम असतं, कुठे हातोहात फिरवून पाकळ्या गळालेला गुलाब, कुठे सगळ्यांनी थुंकलेला पाण्याचा पेला. वस्तू बदलते, प्रश्न तोच राहतो. आणि तेरा वर्षांची मुलगी त्या हसणाऱ्या वर्गात बसून उत्तर पाठ करते: एकदा हात लागला की माझी किंमत संपली.

आता त्या वर्गात अशी एखादी मुलगी बसली आहे असं समजा, जिला मामाने, शिकवणीच्या मास्तरांनी किंवा याच चर्चच्या कुणा दादाने आधीच हात लावलेला आहे. तिने त्या टेपकडे बघून काय समजायचं?

हे मी कल्पनेने म्हणत नाही. २००२ साली सॉल्ट लेक सिटीतून एलिझाबेथ स्मार्ट या चौदा वर्षांच्या मुलीला तिच्या घरातून पळवून नेलं, नऊ महिने डांबून ठेवलं आणि तिच्यावर अत्याचार केले. ती मॉर्मन घरातली, म्हणजे सदर्न बॅप्टिस्टांसारख्या ज्या इव्हँजेलिकल मंडळ्यांविषयी मी बोलते आहे त्यांतली नव्हे, पण धडा हाच होता. २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका सभेत तिने सांगितलं की शाळेत ऐकलेला चघळलेल्या च्युइंगमचा दाखला तिला त्या दिवसांत आठवत राहिला. आपली काही किंमतच उरली नाही असं ज्याला वाटतं तो पळून जायची धडपड का करत नाही, हे तिला तेव्हा उमगलं. तिच्या शिक्षिकेच्या मनात वाईट काही नसावं. बहुतेक शिक्षकांच्या मनात नसतंच. पण हेतू चांगला होता म्हणून त्या मुलीचं दुःख एक कणभरही कमी होत नाही.

आपल्या मराठी घरांविषयीही इथेच बोलते, कारण आपण यात सहज ओढले जातो. ‘मुलीची अब्रू म्हणजे काचेचं भांडं’ हे ऐकत आपण वाढलो, मग आपण हिंदू असू नाहीतर ख्रिस्ती. परदेशात मुलगी वयात आली की आईबापांच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी कुणी गोरा, नम्र, सुटाबुटातला पाळक सांगतो की आमच्याकडे मुलींना मर्यादा शिकवतात, आणि आपल्याला वाटतं, चला, परक्या देशात संस्कार करणारं कुणीतरी भेटलं. डॅलसला असो की अटलांटाला, हे वाक्य मी मराठी मंडळाच्या हळदीकुंकवातही ऐकलेलं आहे आणि आमच्या मराठी उपासनेनंतरच्या चहाच्या वेळीही. त्या मुलीच्या वाट्याला मग दोन्हीकडची लाज येते. घरी ‘लोक काय म्हणतील’, आणि चर्चमध्ये ‘देव काय म्हणेल’. तिला जायला तिसरी जागा राहत नाही.

पुण्या-मुंबईत बसून हे वाचणाऱ्यांनी हा अमेरिकेचा प्रश्न म्हणून पान उलटू नये. त्याच पुस्तकांच्या प्रती, तीच प्रवचनं, तेच व्हिडिओ आपल्या इंग्रजी उपासनांच्या तरुण संघांत आणि मुलांच्या फोनवर पोचलेले आहेत. तिथे ज्या गोष्टी आता मागे घेतल्या जात आहेत त्या इथे नव्या म्हणून सुरू होऊ नयेत. जॉशुआ हॅरिसने स्वतः २०१८ मध्ये आपल्या पुस्तकाने झालेल्या जखमांबद्दल जाहीर माफी मागितली आणि प्रकाशकाला सांगून पुस्तक छापणं थांबवलं.

शपथेचा उपयोग तरी होतो का, असं कुणी विचारेल. २००९ च्या जानेवारीत ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात जॅनेट रोझेनबाउम यांचा अभ्यास आला. शपथ घेतलेली २८९ मुलं-मुली आणि शपथ न घेतलेली, पण घरदार, धार्मिकता, विचार या बाबतींत त्यांच्यासारखीच ६४५ मुलं-मुली त्यांनी ताडून पाहिली. पाच वर्षांनी दोन्ही गटांच्या लैंगिक वागण्यात फरक आढळला नाही. शपथ घेतलेल्यांपैकी ८२ टक्क्यांनी आपण कधी शपथ घेतली होती हेच नाकारलं. फरक एका बाबतीत मात्र होता: शपथवाल्यांत निरोध आणि गर्भनिरोधक साधनं वापरण्याचं प्रमाण कमी होतं. याचा अर्थ समजायला अवघड नाही. आपण असं कधी करणारच नाही असं सांगितलेल्या मुलाने खिशात निरोध ठेवणं म्हणजे आधीच पाप कबूल करणं.

आणि शुद्धतेच्या या रखवालदारांचं, म्हणजे मंडळ्यांचं, काय झालं? २०१९ च्या फेब्रुवारीत ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ आणि ‘सॅन अँटोनियो एक्सप्रेस-न्यूज’ या दोन वृत्तपत्रांनी मिळून छापलं की वीस वर्षांत सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांतल्या सुमारे ३८० पाळक, शिक्षक आणि स्वयंसेवकांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले, आणि पीडितांची संख्या ७०० हून जास्त होती. २०२२ च्या मे महिन्यात स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला, तेव्हा कळलं की पंथाच्या कार्यकारी समितीच्या कचेरीत आरोपींची यादी वर्षानुवर्षं तयार होत होती आणि मंडळ्यांना ती दाखवलीच गेली नव्हती. मुलींना अंगठ्या वाटणारा पंथ तोच. ‘प्युअर’ हे २०१८ चं पुस्तक लिहिणारी लिंडा के क्लाइन अशाच वातावरणात वाढली. तिच्या मंडळीतल्या तरुणांच्या पाळकाला एका लहान मुलीच्या प्रकरणात शिक्षा झाली. सगळेच पाळक असे असतात असं म्हणणं घोर अन्याय ठरेल. पण ज्या मुलीला तुझ्या पोशाखामुळे मंडळीतला भाऊ पापात अडखळतो असं शिकवलेलं आहे, ती अत्याचार झाल्यावर पहिला प्रश्न स्वतःला विचारते: मी काय घातलं होतं? तो प्रश्न दुसऱ्या कुणी मोठ्याने विचारण्याआधीच ती गप्प झालेली असते.

आमच्या पाळकांना मी पवित्र शास्त्रातूनच सांगू इच्छिते. अडखळण होऊ नये हे प्रेषित पौलाचं बोलणं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात खाण्यापिण्याच्या संदर्भात आलं आहे, मुलींच्या बाह्यांच्या लांबीबद्दल नव्हे. प्रभू येशूने वाईट नजरेविषयी बोलताना डोळा उपटून टाकायला सांगितलं ते पाहणाऱ्याला. व्यभिचाराच्या आरोपावरून येशूपुढे ज्या बाईला दगड मारायला आणलं तिच्यासोबतचा पुरुष कुठे होता, हा प्रश्न आपण प्रवचनात किती वेळा विचारतो? आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायातल्या येशूच्या वंशावळीत तामार आहे, राहाब आहे, उरियाची बायको आहे, टेपच्या धड्याने ज्यांना टाकून दिलं असतं अशा बायका. टेपचा तुकडा वर धरून दाखवणाऱ्याने ती वंशावळ आधी वाचावी.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना तर याहून जवळचा आधार आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथे वाँटेजच्या मठातल्या भगिनींकडे राहिल्या. या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी घर चालवत. रमाबाईंनी ते पाहिलं आणि चकित झाल्या. अशा बायकांना माणूस म्हणून जवळ घेणारं आपल्याकडे त्यांनी कुणी पाहिलं नव्हतं. हे तुम्ही कशाच्या बळावर करता, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्री आणि येशू यांच्या भेटीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. आपल्या श्रद्धेच्या प्रवासात या प्रसंगाचं मोल किती होतं ते रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभारलं. पाच नवरे झालेल्या त्या शोमरोनी बाईशी विहिरीपाशी बसून धर्मातलं सगळ्यात खोल बोलणं बोलणारा ख्रिस्त रमाबाईंना भेटला. आमच्या मुलींना सेलोटेपवाला का भेटावा?

आता ज्यांच्यावर ही शिकवण लादून झाली आहे त्यांच्याशी बोलते. तुम्ही पंचविशीत असाल, पन्नाशीत असाल, चर्चला जात असाल किंवा कधीच सोडलं असेल. लग्न झालं, सगळं शास्त्राप्रमाणे झालं, तरी नवऱ्याने जवळ घेतलं की अंग आखडतं, दुखतं, मन छताला जाऊन चिकटतं, आणि नंतर रडू येतं, असं सांगणाऱ्या किती जणी असतील याचा अंदाज बाहेरून येत नाही. लेखिका शीला रे ग्रेगवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस हजारांहून जास्त स्त्रियांची पाहणी करून २०२१ मध्ये पुस्तक लिहिलं. नवऱ्याला नाही म्हणायचंच नाही, ही शिकवण ज्यांनी खरी मानली त्यांच्यात संबंधाच्या वेळी वेदना होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. यात तुमचा दोष नाही. वीस वर्षं हे घाण आहे असं ऐकलेल्या शरीराला लग्नाच्या रात्री आता हे पवित्र आहे असं सांगितलं, म्हणून ते लगेच ऐकत नाही.

यावर उपचार आहेत. योनीचे स्नायू आपोआप आवळले जाण्याला व्हजायनिस्मस म्हणतात. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे फिजिओथेरपिस्ट त्यावर काम करतात, श्वासापासून सुरुवात करून, तुमच्या गतीने, आणि बहुतेक जणींना बरं वाटतं. मनासाठी समुपदेशकाकडे जा, पण परवाना असलेल्या. अमेरिकेत ‘बिब्लिकल काउन्सेलर’ या पाटीला सरकारी परवाना लागत नाही; नावापुढे एलपीसी किंवा एलएमएफटी आहे का ते विचारा आणि धार्मिक आघातांचा अनुभव आहे का हेही विचारा. चांगला समुपदेशक तुम्हाला श्रद्धा सोडायलाही सांगणार नाही आणि धरून ठेवायलाही. तो आधी तुमच्या डोक्यात फिरणारी वाक्यं कागदावर लिहायला लावेल. ‘मी वापरलेली आहे.’ ‘माझ्यामुळे तो बिघडला.’ प्रत्येकासमोर: हे पहिल्यांदा कोण म्हणालं, कुठे, तेव्हा तुझं वय काय होतं. एका मुलीने असा कागद भरला तेव्हा जवळजवळ सगळ्या ओळींपुढे एकाच माणसाचं नाव आलं आणि वय तेरा. आपला स्वभावच असा आहे असं तिला तोवर वाटत होतं.

मुलगे यातून सुटले असं समजू नका. वयात येणाऱ्या मुलाच्या मनात जे सहज उठतं त्याला राक्षस ठरवलं, की तो मुलींकडे मैत्रीण म्हणून बघायला कधी शिकतच नाही. दर आठवड्याला पुरुषांच्या गटात उभं राहून वाईट नजरेची कबुली देणारे तरुण मी पाहिले आहेत. पंधरा-सोळा वर्षांची पोरं, चेहरा पडलेली. आणि ज्या मुलाला मुलगा आवडतो किंवा मुलीला मुलगी, त्यांना तर कार्डावर सही करूनही सुटका नाही, कारण त्यांच्यासाठी त्या कार्डावर लग्नाची तारीखच नाही. अशा मुलांच्या जिवाला धोका असतो. आईबापांनो, तुमचं मूल यांपैकी असेल तर मंडळीच्या आधी तुम्ही त्याच्या बाजूला उभे राहा. आजच सांगा त्याला.

शिबिराचा फॉर्म भरण्याआधी चर्चला लेखी विचारा: शुद्धतेविषयी सत्र आहे का, कोण घेणार, त्यात कोणता दाखला दिला जातो, शपथ किंवा अंगठी आहे का. मुलांशी बंद खोलीत एकट्याने कोणी प्रौढ बोलतो का, आणि स्वयंसेवकांची पोलीस-तपासणी झालेली आहे का. उत्तर टाळलं तर फॉर्म भरू नका. पैसे भरले असतील तर बुडू द्या.

पाळकांनो, टेप, गुलाब आणि पेला यंदापासून बंद करा. अल्पवयीन मुलांकडून पापकबुली घेणं बंद करा. आणि कुणा मुलाने अत्याचाराचं सांगितलं तर वडीलजनांची सभा बोलावू नका, आधी पोलिसांना किंवा बालसंरक्षण विभागाला फोन करा. टेक्ससमध्ये हे कळवणं कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ हेच सांगतं, आणि चर्चला त्यातून सूट नाही.

घरी आज रात्री जेवताना मुलांना एवढं सांगा: तुझ्या अंगाला कोणी हात लावला, किंवा तू स्वतः काही केलंस, तरी आम्हाला सांग, आम्ही आधी ऐकू, आणि तू आमचाच राहशील. एकदा सांगून भागत नाही. मुलं पारखतात, पुन्हा पुन्हा.

अमेरिकेत मन फार खचलं असेल तर ९८८ वर फोन किंवा मेसेज करा. लैंगिक अत्याचारासाठी रेन या संस्थेची मदतवाहिनी ८००-६५६-४६७३. भारतात मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, मुलांसाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८. हे आकडे मंडळीच्या फलकावर, शिबिराच्या बसमध्ये आणि मुलींच्या राहण्याच्या खोल्यांत स्नानगृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे कुणी बघत नसताना वाचता येतील.